पूर्ण मजुरी देऊन काजू फॅक्टरी परवडते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुडाळ तालुक्यात काजू प्रक्रियेचं युनिट. रोज साधारण एक टन बी कापली जाते. ३४ कामगार, त्यांत बहुतेक बायका, सोलणीची मजुरी किलोवर. सल्लागार म्हणतो किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा), बोनस सगळं लागू आहे. पलीकडच्या गावातलं युनिट यातलं काही देत नाही आणि वाशीच्या व्यापाऱ्याला किलोमागे २५-३० रुपये कमी लावून माल टाकतं. ‘कायद्याने चाललो तर फॅक्टरी बंद पडेल आणि ह्याच बायका घरी बसतील. मधला मार्ग सांगा.’

मधला मार्ग आहे, पण तो किमान वेतनाच्या वर सुरू होतो. खाली नाही. हा वाद न्यायालयांत फार पूर्वी होऊन गेला आहे. क्राउन अॅल्युमिनियमच्या १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कामगाराला किमान वेतनही न देता चालणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही. पुढे केरळातले कौलांचे कारखानदार ‘आमची ऐपतच नाही’ म्हणत गेले, तेव्हा १९६१ च्या उनिचोई प्रकरणात सांगितलं गेलं की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी, इथपर्यंत न्यायालय गेलं. ऐपतीचा विचार होतो तो त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे रास्त वेतनाच्या वेळी. तिथे त्या भागातले तसलेच उद्योग काय देतात, काय देऊ शकतात हे बघितलं जातं. त्यामुळे तुमची घासाघीस जी काही व्हायची ती प्रोत्साहन, वाढीव दर, सणाची रक्कम यांवर होऊ द्या. तळाचा आकडा वादातून काढून टाका, म्हणजे पुढचा हिशेब सरळ होतो.

आधी तो तळाचा आकडा नक्की करून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेसह चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तिथवर, नव्या येईपर्यंत चालू राहतात. महाराष्ट्रात किमान वेतन दोन तुकड्यांचं असतं: मूळ दर आणि विशेष भत्ता. मूळ दर वर्षानुवर्षं तोच राहतो, विशेष भत्ता मात्र १ जानेवारी आणि १ जुलैला महागाई निर्देशांकानुसार बदलतो. बहुतेक युनिटं इथेच चुकतात. एकदा कुणीतरी दराचा कागद आणून दिलेला असतो, तो कपाटाच्या दारावर चिकटवलेला असतो आणि मधल्या काळात भत्ता दोन-तीनदा वाढून गेलेला असतो. तुमच्या उद्योगाची अधिसूचना, तुमचं परिमंडळ (तुमचा भाग दराच्या कोणत्या गटात येतो ते) आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल हे वर्ग कामगार आयुक्तांच्या संकेतस्थळावरून काढा आणि वर्षातून दोनदा, जानेवारी-जुलैत, पुन्हा बघा. कटर चालवणारा आणि बॉयलरवरचा माणूस यांना अकुशल दाखवून दर कमी लावणं हीसुद्धा नेहमीचीच चूक.

आता आकडे. खालचे सगळे दर उदाहरणापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा दिवसाचं किमान वेतन ₹४८०. महिन्याचे २६ दिवस धरले तर ₹१२,४८०. यावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्च आणि विमा धरून १३ टक्के म्हणजे ₹१,६२२. ईएसआय ३.२५ टक्के, ₹४०६. किमान बोनस ८.३३ टक्के, ₹१,०४०. ग्रॅच्युइटीची तरतूद (वर्षाला १५ दिवस, २६ ने भागून) महिन्याला ₹६००. दर वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा, ₹६२४. बेरीज ₹४,२९२, म्हणजे मूळ वेतनावर ३४ टक्क्यांच्या थोडं वर. ४८० चा कामगार तुम्हाला दिवसाला ₹६४५ ला पडतो. मालाचा भाव ठरवताना ४८० धरणारा माणूस वर्षअखेरीला बोनसच्या वेळी रडतो, कारण ती रक्कम त्याने किमतीत कधी घातलेलीच नसते.

एक टन बीमधून २५ टक्के गर निघतो असं धरा. दिवसाला २५० किलो गर. ३४ गुणिले ६४५ म्हणजे ₹२१,९३०, अर्थात किलोमागे ₹८८ मजुरी. पलीकडचा सरसकट ₹४०० रोज देतो आणि वर काही नाही, तर त्याचे ₹५४ पडतात. फरक ₹३३-३४ किलोचा. फरक खराच आहे. तो नाही असं सांगणारा सल्लागार तुम्हाला फसवतो आहे. प्रश्न एवढाच की हे ३४ रुपये मजुरीतूनच काढायचे की दुसरीकडून.

बी ₹१५० किलोने घेतली तर २५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे बीतून निघणाऱ्या गराचं प्रमाण) एक किलो गरासाठी चार किलो बी लागते: ₹६००. उतारा २६ टक्के झाला की ३.८५ किलो पुरते: ₹५७७. एका टक्क्याला ₹२३. आता अख्खा आणि तुकडा. अख्ख्याला ₹८०० आणि फुटक्या मालाला सरासरी ₹६८० मिळतात असं धरलं, तर अख्ख्याचं प्रमाण ७० वरून ८० टक्क्यांवर गेलं की किलोमागे ₹१२ जास्त येतात. दोन्ही मिळून ₹३५. म्हणजे कायदा पाळण्याचा सगळा जादा खर्च उताऱ्याच्या एका टक्क्यात आणि फुटीच्या दहा टक्क्यांत बसतो. काजूच्या धंद्यात पैसा बीमध्ये अडकलेला असतो, मजुरीत नाही. स्पर्धा हरते ती बहुतेक वेळा खरेदीत आणि ड्रायरवर, पण दोष जातो हजेरीपटाला.

उतारा वाढवायचा म्हणजे जादू नाही, बीच्या पोटात जेवढा गर आहे तेवढाच निघणार. वाढतो तो खरेदीच्या वेळी निवड केल्याने आणि आतली गळती थांबल्याने. खरेदीला कटिंग टेस्ट करा: पोत्यापोत्यातून नमुना घेऊन एक किलो बी मोजायची, फोडायची, चांगला गर, डागी गर आणि पोचट वेगळा तोलायचा. आयात बीच्या व्यवहारात ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर असं बोलतात. ४८ पौंड म्हणजे २७ टक्क्यांच्या वर, ४४ म्हणजे जेमतेम २५. आपल्याकडे गावातून घेताना हे कुणी बघत नाही, ढिगाला एकच भाव. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींचा उतारा ३० टक्क्यांच्या आसपास जातो, तर गावठी बारीक बीचा बराच खाली. दोन्हींना एक भाव देणारा कारखानदार चांगल्या बागायतदाराला पळवून लावतो आणि तो तोटा सोलणीच्या दरातून भरून काढायला बघतो. बी उन्हात नीट सुकवलेली नसेल तर साठवणीत गर डागाळतो, तेही खरेदीतच धरायला हवं.

आतली गळती म्हणजे कापताना टरफलात राहिलेला गर. टरफलाच्या ढिगातून रोज पाच किलो उचलून त्यातला गर वेगळा तोला. या कामाला अर्धा तास लागतो आणि कटरची पाती कधी लावायची, बॉयलरची वाफ कमी पडते की जास्त, हे सगळं त्यात दिसतं. वाफ जास्त झाली की गर पिवळसर पडतो, कमी झाली की टरफल चिवट राहतं आणि पात्याखाली गर चिरतो.

फूट मुख्यत्वे ड्रायर आणि सोलणीच्या मधल्या वेळेत ठरते. ७० अंशांच्या आसपास सहा-आठ तास वाळवून गराचा ओलावा तीन-चार टक्क्यांवर आला की साल सुटते, पण गर ठिसूळही होतो. म्हणून सोलण्याआधी थोडी दमट हवा देतात. पावसाळ्यात उलट त्रास. आषाढात ट्रे उघडे राहिले तर तासाभरात साल पुन्हा चिकटते, बाई सुरीने खरवडते, गरावर ओरखडे येतात आणि कडा तुटतात. तिचं दिवसाचं वजन घटतं, किलोवर मजुरी असेल तर रोज घटतो, मग ती घाई करते आणि आणखी फोडते. मालक म्हणतो ‘बाया नीट काम करत नाहीत.’ ड्रायरमधून निघालेला माल बंद डब्यात ठेवा आणि त्या पाळीत सोलून होईल तेवढाच काढा. एवढं केलं तरी पावसाळ्यातली निम्मी तक्रार मिटते.

आता किलोवरची मजुरी. ती बेकायदा नाही. अट एवढीच की आठ तास काम केलेल्या कामगाराच्या पदरी त्या दिवसाचं किमान वेतन पडलंच पाहिजे. म्हणून दर आधी ठरवून वेतन बघायचं नाही. वेतन आधी धरून दर काढायचा. त्यासाठी मोजणी करावी लागते. फार हुशार नाहीत आणि फार नवख्याही नाहीत अशा सात-आठ बायका घ्या. सहा दिवस, वेगवेगळ्या लॉटवर, चहा-जेवणाच्या सुट्या वगळून आठ तासांत विकण्याजोगा सोललेला गर किती होतो ते रोज लिहा. आकडे चढत्या क्रमाने मांडा. समजा मधला आकडा ११ किलो आला. ४८० भागिले ११ करून ₹४३.६० दर लावला की निम्म्या बायका किमान वेतनाच्या खाली जाणार आणि तुम्हाला रोज निम्म्या पटाला भर घालावी लागणार. भर घातली नाही तर थकबाकी चढणार. प्रमाण असं ठेवा की पाचातल्या चार जणी ते सहज गाठतील. या उदाहरणात दहा किलोच्या आसपास.

मला पटलेली रचना अशी: ₹४८० रोज पक्का. दहा किलोपर्यंत तोच. त्यावरच्या प्रत्येक किलोला ₹४०. आणि फुटीसाठी वेगळं बक्षीस, उदाहरणार्थ त्या लॉटच्या सरासरीपेक्षा फूट तीन टक्क्यांनी कमी असेल तर दिवसाला ₹३०. ‘त्या लॉटच्या सरासरीपेक्षा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ठरीव आकडा, समजा वीस टक्के, लावला तर खराब वाळलेल्या लॉटच्या दिवशी चांगल्या हाताच्या बाईचंही बक्षीस जातं आणि चांगल्या लॉटला कुणालाही मिळतं. आठवड्याभरात त्याच्यावरचा विश्वास उडतो. एकाच लॉटवर बसलेल्या बायकांची आपापसात तुलना केली तर ड्रायरची चूक बाजूला राहते आणि हाताचं कसब दिसतं. शिवाय सगळ्यांचीच सरासरी बिघडली तर तो दिवस ड्रायरवाल्याने समजावून सांगायचा असतो.

यासाठी प्रत्येकीच्या ट्रेवर नंबर हवा आणि संध्याकाळी अख्खा व फुटका वेगळा तोलून दोन प्रतींत चिठ्ठी द्यायला हवी. काटा सगळ्यांना दिसेल असा ठेवा. वजनाच्या काट्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी दरावरून होत नाहीत.

फुटीबद्दल पैसे कापू नका. मालाच्या नुकसानीची कपात कायद्यात आहे, पण ती थेट त्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेली असावी लागते, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. रोजच्या फुटीला ही पायरी कुणी पाळत नाही, मग ती कपात बेकायदा ठरते. बक्षीस न मिळणं आणि पगार कापला जाणं यांत पैशाने फरक थोडा, कायद्याने फार मोठा.

वीज गेली तर? पावसाळ्यात दुपारभर लाइट नसणं सिंधुदुर्गात नवीन नाही. कामगार कामावर हजर आहे आणि काम तुम्ही देऊ शकला नाही, तर पूर्ण दिवसाचं वेतन द्यावं लागतं. तासाला ₹६० प्रमाणे ३४ माणसं म्हणजे रिकाम्या तासाला ₹२,०४०. जनरेटरच्या डिझेलचा हिशेब या आकड्याशी ताडून बघा. हातसोलणीला फक्त उजेड लागतो, त्याला इन्व्हर्टरवरचे एलईडी पुरतात. मोठा जनरेटर ड्रायर आणि कॉम्प्रेसरसाठीच ठेवा. दिवाळीच्या गर्दीत जादा तास लावण्याआधीही हेच गणित करा. ओव्हरटाइम दुप्पट दराने आहे, तेव्हा ४८ रुपयांत होणारी एका किलोची सोलणी संध्याकाळी सहानंतर ९६ ला पडते आणि थकल्या हाताने फूटही वाढते. त्यापेक्षा दोन महिन्यांसाठी ठरावीक मुदतीचे कामगार घेतलेले परवडतात. त्यांना कायम कामगारांइतकंच वेतन आणि सवलती द्याव्या लागतात आणि वर्ष पूर्ण झालं तर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीही, हे मात्र करारात लिहून ठेवा.

बाई आणि पुरुष यांच्या दराबद्दल थोडं. बॉयलरचं काम आणि सोलणीचं काम एकसारखं नाही, दर वेगळे असू शकतात. पण ग्रेडिंगच्या टेबलावर पुरुष बसला की ₹५५० आणि बाई बसली की ₹४८०, हे चालत नाही. कामाच्या नावाने दर ठरवा आणि पाटीवर लावा.

पळवाटा कोणत्या चालत नाहीत, हेही बघून ठेवा. एकाच शेडमध्ये नवऱ्याच्या नावे एक आणि बायकोच्या नावे दुसरी फर्म दाखवून दोन्हीकडे वीसपेक्षा कमी माणसं ठेवणं: जागा, यंत्रं, व्यवस्थापन आणि पैशाची ये-जा एक असेल तर भविष्य निर्वाह निधीवाले दोन्ही एकत्र धरतात. ठेकेदारामार्फत माणसं दाखवणं: ठेकेदाराने वेतन बुडवलं तर भरायची वेळ तुमच्यावरच येते. पगार ‘प्रवास भत्ता’, ‘हजेरी भत्ता’ असा फोडून पीएफ कमी करणं: सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी धरावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं, आणि आता संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. घरोघरी गर सोलायला देणं: मजुरीचा प्रश्न तर राहतोच, पण चुलीशेजारी, दमट घरात ठेवलेल्या मालाचा ओलावा आणि केस-कचरा यांची जबाबदारी तुमच्या खाद्य परवान्यावर येते. निर्यातीचा किंवा मोठ्या दुकानसाखळीचा खरेदीदार असा माल एकदा परत पाठवतो आणि दुसऱ्यांदा येतच नाही.

पलीकडच्याचं काय, तो तर मजेत आहे ना? त्याच्या डोक्यावर काय चढतंय ते बघा. दिवसाला ₹८० कमी, २६ दिवस, ३६ महिने, ३४ माणसं: ₹२५,४५,९२०. कामगार तीन वर्षांपर्यंतच्या फरकाचा दावा करू शकतो आणि भरपाई दाव्याच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकते. वेतन दिलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर, कामगारावर नाही. पहिल्या वेळी दंड ₹५०,००० पर्यंत, पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पीएफची थकबाकी वेगळी, तिच्यावर १२ टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाई. त्याची बॅलन्स शीट बघून बँक मोठं कर्ज देत नाही आणि युनिट विकायला काढलं तर घेणारा याच थकबाकीची वजावट मागतो. तरीही पकडला जाईलच असं नाही, हे मान्य. म्हणून त्याच्याशी त्याच व्यापाऱ्याच्या दारात, त्याच मालाच्या भावावर लढू नका.

कामगार गमावण्याची भीती मात्र खरी आहे, कारण पीएफ सुरू झाल्यावर पहिला प्रश्न येतो ‘हातात किती येणार?’ हा हिशेब तुम्ही पाटीवर मांडून दाखवा. ₹१२,४८० मधून १२ टक्के पीएफ आणि ०.७५ टक्के ईएसआय मिळून ₹१,५९१ जातात, हातात ₹१०,८८९. पलीकडे ₹४०० प्रमाणे ₹१०,४००. कापूनही जास्त. त्याखेरीज मालकाच्या हिश्श्यासकट खात्यावर जमा होतं, नोकरीत असताना मृत्यू आला तर वारसाला ७ लाखांपर्यंत विमा, दहा वर्षं भरली तर पेन्शन. मोबाइलवर पासबुक उघडून प्रत्येकीला तिचा आकडा दाखवा. पहिल्या महिन्यात यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), आधार आणि बँक खात्यावरची नावं जुळतात का तेही तपासा. माहेरच्या नावाचं आधार आणि सासरच्या नावाचं पासबुक ही आपल्याकडची नेहमीची गाठ आहे. ती नंतर सोडवायला सहा महिने जातात आणि तोवर ‘पीएफ म्हणजे पैसे अडकवणं’ अशी कुजबुज सुरू होते.

बायका जास्त असलेल्या युनिटला ईएसआय हा खर्च वाटतो, पण तो खरं तर आधार आहे. प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा भरपगारी आहे. ती ईएसआयकडून मिळाली नाही तर तुमच्या खिशातून, एका बाईमागे साधारण ₹७५,०००. तुमच्या ३४ जणांवर ईएसआयचा मालकाचा हिस्सा वर्षाला ₹१,६५,००० च्या घरात जातो. वर्षात दोन प्रसूती आणि चिकाने हात भाजल्याची एखादी मोठी केस आली की बरोबरी होते. तुमचा भाग लागू क्षेत्रात आहे का आणि जवळचं संलग्न रुग्णालय कोणतं, हे आधी तपासा. कार्ड हातात आहे पण दवाखाना पन्नास किलोमीटरवर, असं झालं तर बायका नाराज होतात आणि त्यांचं बरोबर असतं.

पैसे परत येण्याच्या दोन वाटा बहुतेक लहान कारखानदार वापरत नाहीत. पहिली, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात घेतलेल्या नव्या माणसांसाठी आहे. ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन माणसं जादा घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात. ₹१०,००० ते ₹२०,००० वेतनाला मालकाला महिन्याला ₹२,००० मिळतात, उत्पादन क्षेत्राला चार वर्षांपर्यंत. वरच्या उदाहरणातला पीएफ आणि ईएसआयचा तुमचा हिस्सा मिळून ₹२,०२८ होतो, म्हणजे नव्या माणसामागे तो जवळजवळ भरून येतो. दुसरी, व्यापाऱ्याची उधारी. ११ टक्के व्याजाने ₹७६४ किलोचा माल दोन महिने अडकला तर किलोमागे ₹१४ जातात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे आणि वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षी खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. व्यापाऱ्याला नोटीस पाठवून संबंध तोडायला नकोत. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवस’ छापा, त्याचा सीए मार्चमध्ये स्वतःच आठवण करून देतो. आणि हो, कामगारांकडून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरा. उशीर झाला तर तो खर्च आयकरात कायमचा नामंजूर होतो, असं २०२२ च्या चेकमेट निकालाने तेव्हाच्या कायद्याखाली ठरवलं होतं.

सगळा माल सोलून वाशीला पाठवलाच पाहिजे असंही नाही. सालीसकट भाजलेला खारा काजू मालवण-सावंतवाडीच्या पर्यटकाला आणि हायवेवरच्या दुकानांना आवडतो, आणि त्यात सोलणीची मजुरीच नाही. एकूण मालाचा दहावा भाग जरी असा गेला तरी सोलणीच्या टेबलावरचा ताण उतरतो. वेंगुर्ला काजूच्या भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतली तर गणपती-दिवाळीच्या डब्यांना वेगळा भाव मागता येतो. मात्र मग त्या डब्यात आफ्रिकेतून आलेल्या बीचा गर घालता येणार नाही, साठा वेगळा ठेवावा लागेल.

राहिला बोनस. आपल्याकडे खर्च दिवाळीला नाही, गणपतीला होतो. चतुर्थीच्या आधी सगळ्या बायका उचल मागतात आणि मग दिवाळीला बोनस आला तरी तो उचलीत वळता होतो, कुणीच खूश नसतं. मार्चला वर्ष संपतं, बोनस आठ महिन्यांत म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचा असतो. तो चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी देऊन टाका. त्यासाठी एप्रिलपासून दर महिन्याला वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात काढा, कारण त्याच सुमारास बीचा साठा भरलेला असतो आणि चालू खात्यात पैसे नसतात. त्यानंतरही उचल द्यावी लागली तर ती लेखी, पगाराच्या चिठ्ठीवर हप्त्यासकट दाखवा. सुरुवात म्हणून या महिन्यात दोनच गोष्टी करा: सहा दिवसांची सोलणीची मोजणी, आणि रोज पाच किलो टरफलातला गर तोलणं. ते आकडे आले की प्रोत्साहनाचा दर काय ठेवायचा हे सांगता येईल.